फिजिकल ग्राफिटी: यात एक अल्बम आहे की दीड?

खर्जवाला (धागाकर्ता)

लेड झेपलिन या इंग्लिश रॉक बँडचा 'फिजिकल ग्राफिटी' हा दोन एलपींचा अल्बम २४ फेब्रुवारी १९७५ ला बाजारात आला आणि तेव्हापासून त्याच्याविरुद्ध ब्र काढायची सोय राहिलेली नाही. मी काढतोय. शिव्या घालायच्या असतील तर सावकाश घाला, आज सुट्टी आहे.

१५ गाणी, ८२ मिनिटं. त्यातली ८ गाणी नवी. १९७४ च्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात, रॉनी लेनचा फिरता स्टुडिओ दारात उभा करून ध्वनिमुद्रित केलेली. ती एका एलपीत, म्हणजे दोन बाजूंच्या एका रेकॉर्डवर, मावेनात, म्हणून माळ्यावरची ७ जुनी गाणी खाली काढली. 'ब्रॉन-यर-ऑर' तिसऱ्या अल्बमच्या वेळचं, १९७० चं. 'नाइट फ्लाइट', 'बूगी विथ स्टू', 'डाउन बाय द सीसाइड' ही चौथ्याच्या वेळची. 'द रोव्हर', 'ब्लॅक कंट्री वुमन' आणि 'हाउसेस ऑफ द होली' पाचव्याच्या वेळची. त्यात शेवटच्याची तर कमालच. पाचव्या अल्बमला ज्याचं नाव दिलं तेच गाणं त्यातून वगळलं आणि दोन वर्षांनी इथे आणून टाकलं.

माझा प्रश्न साधा आहे. जे गाणं तेव्हा त्यांच्याच कानाला अल्बमच्या लायकीचं वाटलं नाही, ते दुसऱ्या एलपीची जागा भरायची वेळ आल्यावर एकदम लायकीचं कसं झालं? मुखपृष्ठावरची न्यू यॉर्कच्या सेंट मार्क्स प्लेसची इमारत पाच मजली आहे. चौकोनात बसेना म्हणून फोटोतून एक मजला कापला. तीच कात्री गाण्यांवर चालवली असती तर आज मी वाद घालत बसलो नसतो.

नव्वदची_कॅसेट

खर्जवाले, आधी बेरीज करा, मग कात्री काढा. ती ८ नवी गाणी मिळून साडेत्रेपन्न मिनिटं होतात. एका एलपीत रेटून रेटून ४५ मिनिटं बसतात. म्हणजे जुनं सगळं फेकून दिलंत तरी नव्यातलं काहीतरी कापावंच लागणार. कुठलं कापता, बोला. एकट्या 'इन माय टाइम ऑफ डाइंग'ने ११ मिनिटं खाल्लीत. ते कापता? 'कश्मीर' कापता? 'टेन इयर्स गॉन'?

खर्जवाला

उत्तर तयार आहे. 'द वाँटन साँग' आणि 'सिक अगेन' बाहेर. पहिल्या बाजूला 'कस्टर्ड पाय', 'ट्रॅम्पल्ड अंडर फूट', 'इन माय टाइम ऑफ डाइंग', म्हणजे २१ मिनिटांच्या आत. दुसऱ्या बाजूला 'इन द लाइट', 'टेन इयर्स गॉन' आणि शेवटी 'कश्मीर', साधारण २४ मिनिटं. सहा गाणी, एक एलपी. असा अल्बम निघाला असता तर चौथ्या अल्बमचं नाव कुणी घेतलं नसतं.

बेसकडे_लक्ष

२४ मिनिटांच्या बाजूवर 'कश्मीर', तेही शेवटी? रेकॉर्ड कापणाऱ्याला विचारा काय होतं ते. बाजू जितकी लांब तितक्या खाचा जवळजवळ येतात, मग आवाज खाली आणावा लागतो आणि पहिला बळी जातो खर्जाचा. शिवाय मधल्या गोलाजवळ, म्हणजे बाजूच्या शेवटी, आवाज आणखी मार खातो. ड्रमर बॉनमचा बास ड्रम तुम्ही नेमका तिथेच नेऊन ठेवलात. मूळ अल्बमची दुसरी बाजू जेमतेम १८ मिनिटांची आहे. तिन्ही गाण्यांना हातपाय पसरायला जागा आहे म्हणून ती बाजू अशी घुमते. दुसऱ्या एलपीने ही ऐसपैस जागा दिली, आणि तुम्ही तिला अडगळ म्हणताय! नाव 'खर्जवाला' आणि खर्जावरच घाला.

शाहूपुरीकर

काय ओ, चौथी बाजू कोणी मनापासून ऐकतं का खरं सांगा. तीन बाजू नाद खुळा आहेत, त्यात वाद नाही. पण 'बूगी विथ स्टू' म्हणजे गाणं नव्हे. रोलिंग स्टोन्सचा पियानोवाला इयन स्टुअर्ट घरी आला, सगळे मिळून जरा टाइमपास वाजवत बसले, टेप चालू होती. बस. आणि 'ब्लॅक कंट्री वुमन'च्या सुरुवातीला तर डोक्यावरून विमान जातं. मिक जॅगरच्या घराच्या बागेत बसून वाजवत होते, ध्वनिमुद्रण करणारा म्हणतोय विमान येतंय, आणि गायक प्लांट म्हणतो राहू दे. अहो, राहू दे काय राहू दे?

तांबडा-पांढरा पोटभर झाल्यावर कुणी ताटात कालचा चिवडा वाढला तर कसं वाटेल, तसं वाटतं मला.

नव्वदची_कॅसेट

@शाहूपुरीकर, ते विमान काढलंत तर माझा अल्बमच जाईल. आमच्याकडे हा अल्बम मित्राच्या मोठ्या भावाने ९० मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर भरून दिला होता. पहिली एलपी ए बाजूला, दुसरी बी बाजूला. ए बाजूला 'कश्मीर' संपल्यावर सहाएक मिनिटं नुसती खरखर. बी बाजू मात्र काठोकाठ भरलेली, 'सिक अगेन' संपतं न संपतं तोच टेप खटकन थांबायची. पुढे ढकलायची तर पेन घालून चक्री फिरवावी लागायची आणि नेमकं गाणं कधी सापडायचं नाही. म्हणून सगळं ऐकलं, 'स्टू'सकट. त्यामुळे मला ही सात आणि आठ वेगळी करताच येत नाहीत.

तुम्ही लोक सीडीवर वाढलात. सीडीतही दोन तबकड्या होत्या, आणि दुसरी तशीच डबीत पडून राहायची. चौथी बाजू कमअस्सल आहे हे मत तिथूनच आलंय.

खर्जवाला

म्हणजे आठवणींमुळे अल्बम थोर? मग माझ्या लहानपणीची बँडबाजाची कॅसेटही थोर.

मध्यरात्रीचा_तंबोरा

मी जरा वेगळ्या बाजूने येते. इथे सगळे मिनिटं मोजताहेत, क्रम कुणी बघत नाही.

'कश्मीर'चं उदाहरण घ्या. गिटारचा तुकडा तीन मात्रांचा, बॉनमचा ठेका सरळ चार मात्रांचा. दोघांची गाठ पडते बाराव्या मात्रेनंतर. तबल्याची थोडीफार सवय असलेल्या कानाला ही गंमत चटकन कळते. मन सतत सम शोधत राहतं आणि ती हुलकावणी देत राहते. बॉनम मात्र ढिम्म. उगाच जास्तीचा हात नाही. साडेआठ मिनिटं हा ताण सहन केल्यावर रेकॉर्ड बदलायची, आणि तिसरी बाजू सुरू होते 'इन द लाइट'च्या त्या लांबच लांब गुणगुणीने. बँडमधल्या जोन्सचा सिंथेसायझर आणि गिटारवादक पेजने गिटारवर फिरवलेला व्हायोलिनचा गज. आलापीला बसावं तसं ते गाणं बसतं.

त्यानंतर लगेच कुठलंही मोठं गाणं ठेवलं असतं तर दोन्हींची माती झाली असती. तिथे येतं 'ब्रॉन-यर-ऑर', दोन मिनिटांची एकट्या गिटारची धून, गाणारं कुणी नाही. मग 'सीसाइड'चा ढिला हेलकावा, आणि मग 'टेन इयर्स गॉन', ज्यात पेजने गिटारींवर गिटारी चढवल्या आहेत. तुमच्या सहा गाण्यांच्या अल्बममध्ये 'इन द लाइट'ला चिकटून 'टेन इयर्स गॉन', त्याला चिकटून 'कश्मीर'. श्वास कुठे घ्यायचा?

तुम्ही ज्याला जागा भरणं म्हणता ते मला जागा सोडणं वाटतं.

बेसकडे_लक्ष

+१. 'ब्रॉन-यर-ऑर' वाचवल्याबद्दल धन्यवाद, नाहीतर धागाकर्त्याने त्याचीही रद्दी केली असती.

खर्जवाला

तंबोराताई, मुद्दा चांगला मांडलात. 'ब्रॉन-यर-ऑर' दिलं तुम्हाला, दोन मिनिटांसाठी भांडत नाही. पण तुमचा युक्तिवाद तिसऱ्या बाजूपुरता आहे. चौथ्या बाजूचं काय? तिथे क्रम नाहीच, तिथे नुसती खिचडी आहे. 'नाइट फ्लाइट' ऐका, १९७१ चा प्लांट, आवाज वर मोकळा सुटतो, कुठे ओढाताण नाही. पुढचंच 'वाँटन साँग', १९७४ चा प्लांट, आवाज खरखरीत झालाय, वरच्या पट्टीत नुसता चढत नाही, ढकलावा लागतोय. दोन गाण्यांच्या मधल्या दोन सेकंदांत माणूस तीन वर्षांनी म्हातारा होतो. हा अल्बम झाला की नमुन्यांची वही?

मध्यरात्रीचा_तंबोरा

तेच तर मला आवडतं. एका बँडची चार वर्षं एका पाकिटात. आणि 'वाँटन साँग' तुम्ही कापायला निघाला होतात ना? आता त्याच्याच आवाजावर एवढं बारीक लिहिताय, म्हणजे ऐकता बरंच.

कडू_कारले

तुमचं मिनिटांचं आणि श्वासांचं चालू द्या. माझा आक्षेप दोन्ही बाजूंवर आहे.

एक. ज्या 'इन माय टाइम ऑफ डाइंग'ला सगळे हात जोडताय ते मुळात पारंपरिक भक्तिगीत आहे. ब्लाइंड विली जॉन्सनने त्याचं एक रूप १९२७ मध्ये ध्वनिमुद्रित केलं, बॉब डिलनने १९६२ च्या आपल्या पहिल्या अल्बममध्ये गायलं. झेपलिनच्या पाकिटावर श्रेय कुणाचं? चौघांचंच. याउलट तुम्ही ज्या 'बूगी विथ स्टू'ला नावं ठेवताय ते रिची व्हॅलेन्सच्या गाण्यावर बेतलेलं आहे आणि तिथे निदान श्रेयात 'मिसेस व्हॅलेन्स' असं त्याच्या आईचं नाव आहे. म्हणजे प्रामाणिकपणाच्या कसोटीवर चिवडाच वरचढ ठरतो, शाहूपुरीकर.

दोन. 'कश्मीर'. प्लांटला ते शब्द सुचले मोरोक्कोच्या दक्षिणेला, वाळवंटातल्या सरळसोट रस्त्याने गाडीतून जाताना, १९७३ मध्ये. काश्मीर तोवर पाहिलेलंही नव्हतं. वाळवंटावरच्या गाण्याला बर्फाच्या प्रदेशाचं नाव. पूर्वेकडचं काहीतरी गूढ हवं होतं, नकाशावर बोट ठेवलं, झालं. आपण मात्र काश्मीरचं नाव आलं म्हणून उगाच छाती फुगवतो.

नव्वदची_कॅसेट

श्रेयाबद्दल शंभर टक्के मान्य, त्यात झेपलिनचा बचाव करण्यासारखं काही नाही.

पण 'पूर्वेचा पत्ताच नव्हता' असं म्हणू नका. पेज आणि प्लांट १९७२ मध्ये आपल्या मुंबईत येऊन गेले. नुसते फिरायला नाही, स्टुडिओत इथल्या वादकांना घेऊन 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही दोन गाणी ध्वनिमुद्रित केली. ती फीत कैक वर्षं पडून होती, २०१५ मध्ये त्यांच्या 'कोडा' या अल्बमच्या नव्या आवृत्तीत निघाली. ऐका. 'फोर स्टिक्स'मध्ये वादक आधी ठेचकाळतात, मग जमून येतं. 'कश्मीर'मधले तंतुवाद्यांचे आणि पितळी वाद्यांचे थर त्यानंतर दोनच वर्षांनी आले, हे योगायोगाने झालं असं मला वाटत नाही.

कडू_कारले

मुंबईत वाजवलं ते वादक आपले, त्या अल्बमवर नाव कुणाचं झालं ते सांगा. बाकी फीत ऐकली आहे, छान आहे, आक्षेप कायम.

गुलाबी_बंदूक

मी नव्वदीतला, त्यामुळे तुमचं ८२ मिनिटांचं रडणं ऐकून हसू आलं. आमच्या गन्स एन रोझेसने १७ सप्टेंबर १९९१ ला एकाच दिवशी दोन 'यूज युअर इल्यूजन' काढले, मिळून ३० गाणी. त्यातून एक अल्बम काढून दाखवा, मग कात्रीच्या गोष्टी करा.

शाहूपुरीकर

त्याला कात्री नाही चालायची, कोयता आणा. वेगळा धागा काढा त्यासाठी, इथं नको.

खर्जवाला

मूळ मुद्द्याकडे. बँडला स्वतःला काय वाटत होतं ते बघा. १० डिसेंबर २००७, लंडनच्या ओटू अरीनामधला तो पुनर्मीलनाचा कार्यक्रम. अख्ख्या कारकिर्दीतून निवडून निवडून गाणी घेतली. या अल्बममधली कुठली? 'इन माय टाइम ऑफ डाइंग', 'ट्रॅम्पल्ड अंडर फूट', 'कश्मीर'. तिन्ही नव्या आठातली. माळ्यावरच्या सातातलं एकही नाही. 'द रोव्हर' तर भर उमेदीच्या काळातही मंचावर पूर्ण कधी वाजवलं नाही. मालकांनीच निकाल दिलाय.

मध्यरात्रीचा_तंबोरा

मंचावर वाजवणं हीच कसोटी असेल तर 'इन द लाइट'ही बाहेर काढा. लेड झेपलिनने ते मंचावर एकदाही वाजवलेलं नाही. आणि ते तुमच्या सोन्यासारख्या सहांतलं आहे.

बेसकडे_लक्ष

मग उरली पाच गाणी. बाजू आता १५ मिनिटांची झाली, 'कश्मीर'चा खर्ज वाचला. खर्जवाले, माझ्याकडून तुमचा अल्बम मंजूर.

खर्जवाला

'इन द लाइट' जागेवरून हलणार नाही. ते मंचावर नाही वाजवलं कारण जोन्सचा तो सिंथेसायझर मंचावर जमवणं कठीण होतं, आवडलं नाही म्हणून नव्हे.

नव्वदची_कॅसेट

मग 'द रोव्हर'ला हीच सवलत का नाही? त्यातले पेजचे एकावर एक चढवलेले गिटारीचे थर एकट्या माणसाने मंचावर कसे वाजवायचे होते? पहिल्या बाजूला 'कस्टर्ड पाय' संपल्यावर त्याचा तो जड, रेंगाळता तुकडा सुरू होतो ना, तो काढून तिथे थेट ११ मिनिटांचं मरणगीत लावून ऐका एकदा. आणि काय वाटलं ते इथेच लिहा, सुट्टी आहे म्हणालात ना.