शौचात पांढरे, चपटे तुकडे दिसतात. पट्टकृमी (आतड्यात वाढणारा लांब, चपटा जंत) असेल का?

प्रश्न: डिचोलीहून एक

माझ्या यजमानांना काही आठवड्यांपासून शौचात पांढरे, चपटे, बोटाच्या पेराएवढे तुकडे दिसत आहेत आणि त्यांतला एक तर चक्क हलत होता. अधूनमधून मळमळते, एवढे सोडल्यास त्रास नाही. मित्रांकडे ते सोरपोतेल (डुकराच्या मांसाचा गोव्याचा रस्सा), चोरीस (डुकराच्या मांसाचे मसालेदार सॉसेज), बीफ असे सर्व खातात; आमच्या घरात मात्र मासळीपलीकडे काही शिजत नाही आणि सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत. औषधाच्या दुकानात अल्बेंडाझोल या जंतनाशकाची एक गोळी देऊ केली आहे, ती घ्यावी का? मुलीला शाळेत जंतांची गोळी मिळाली होती, म्हणून ती सुरक्षित समजावी का?

उत्तर: सूक्ष्मदर्शक, मडगाव

वर्णनावरून पट्टकृमीची शक्यता मोठी आहे. तुकडा हाताने न उचलता काडीने स्वच्छ बाटलीत सलाईनमध्ये घालून प्रयोगशाळेत द्यावा. गोमांसातून आणि डुकराच्या मांसातून येणाऱ्या पट्टकृमींची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली सारखीच दिसतात, त्यामुळे जात ओळखण्यासाठी तुकड्यातील गर्भाशयाच्या एका बाजूच्या फांद्या मोजाव्या लागतात: डुकराच्या कृमीत साधारण ७ ते १३, गोमांसाच्या कृमीत १२ ते ३०. एकेकटे सुटून वळवळणारे तुकडे बहुधा गोमांसाच्या कृमीचे असतात, पण तेवढ्यावर निष्कर्ष काढू नये. तुकडा हाती नसल्यास वेगवेगळ्या तीन दिवसांचे नमुने द्यावेत, कारण अंडी रोज बाहेर पडतातच असे नाही.

उत्तर: निवृत्त वैद्यकीय अधिकारी, पेडणे

दुकानातली गोळी परस्पर घेऊ नये. शाळेत मुलांना दिली जाणारी अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची एक मात्रा प्रामुख्याने गोलकृमी, चाबूककृमी आणि अंकुशकृमी यांच्यासाठी असते. पट्टकृमीसाठी तिच्यावर विसंबता येत नाही. पट्टकृमीवर प्राझिक्वांटेल, वजनाच्या प्रत्येक किलोमागे ५ ते १० मिलिग्रॅम, एकाच वेळी देतात, किंवा प्रौढांना निक्लोसामाइड २ ग्रॅम. उपचार इतका सोपा असला, तरी त्याआधी डॉक्टरांनी आकडी, सतत डोके दुखणे, दृष्टीचा त्रास यांविषयी विचारणे आवश्यक आहे. कारण डुकराच्या पट्टकृमीच्या अळ्यांच्या गाठी मेंदूत असतील, तर प्राझिक्वांटेल किंवा अल्बेंडाझोलने त्या मरू लागतात, भोवती सूज येते आणि आकडी येऊ शकते. निक्लोसामाइड आतड्यातच राहते, म्हणून शंका असल्यास ते निवडतात.

आता सासूबाईंविषयी. मांस कच्चे राहिल्यास कृमी आतड्यात वाढतो. मेंदूतल्या गाठी मात्र डुकराच्या पट्टकृमीची अंडी, म्हणजे कृमी असलेल्या माणसाची विष्ठा, हातावाटे किंवा अन्नापाण्यावाटे पोटात गेल्याने होतात. म्हणून आयुष्यात मांसाला न शिवलेल्या व्यक्तीलाही हा धोका असतो, आणि ज्याच्या पोटात कृमी आहे त्याला स्वतःलाही. गोमांसाच्या कृमीच्या अंड्यांनी असे होत नाही. जात डुकराची निघाली तर घरातल्या सर्वांचे शौच तपासून घ्यावे आणि कोणाला आकडी आली असल्यास सीटी किंवा एमआरआय करावे. यजमानांनी तोवर नखे कापावीत, शौचानंतर साबणाने हात धुवावेत आणि स्वयंपाकात हात घालू नये.

उत्तर: फोंड्याचा खवय्या

एवढ्यावरून चोरीस सोडायला सांगू नका. सोरपोतेल आधी उकडतात, मग तळून रटरटवतात, त्यामुळे त्याची मला फारशी भीती वाटत नाही. शॅकमध्ये (किनाऱ्यावरच्या खानावळीत) आतून लाल ठेवलेला बीफ स्टेक मात्र मी टाळतो. चोरीसाच्या बाबतीत मीठ, व्हिनेगर आणि धूर यांच्या भरवशावर न राहता ते पूर्ण शिजवावेत. अखंड तुकडा आतून ६३ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तीन मिनिटे तसाच ठेवावा, खिम्याला ७१ अंश हवेत. कच्च्या मांसात वाटाण्याएवढे पांढरट फोड दिसले तर ते सरळ परत करावे.

डिचोलीहून एक

सर्वांचे आभार. तुकडा बाटलीत ठेवला आहे आणि उद्या बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) दाखवतो. औषधानंतर पुन्हा तपासणी लागेल का?

निवृत्त वैद्यकीय अधिकारी, पेडणे

होय, एक महिन्याने आणि तीन महिन्यांनी. कृमीचे डोके आतड्याला चिकटून राहिले तर तो पुन्हा वाढतो, आणि तुकडे दिसायला दोन-तीन महिने जातात.