लेकीला डबल बेसमध्ये करिअर करायचंय – सल्ला हवाय

घेवडा:
नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत, लेक अकरावीत. सहावीत शाळेच्या ऑर्केस्ट्रात नाव घातलं तेव्हा व्हायोलिनं संपली होती, सरांनी विचारलं हे मोठं कोण घेणार, हिने हात वर केला, झालं. तेव्हापासून हॉलमध्ये डबल बेस (व्हायोलिनचा माणसाएवढा उंच, खर्जातला भाऊ) उभा आहे. आईला सांगलीला व्हिडिओ कॉलवर दाखवला तर म्हणाली, हे कपाट कधी घेतलंस?

आम्हाला वाटलं कॉलेजच्या अर्जावर बरं दिसेल. आता बाईसाहेब म्हणतात म्युझिकचीच डिग्री करायची, सिम्फनी ऑर्केस्ट्रात नोकरी करायची. नवरा कॉम्प्युटर सायन्सवर अडून बसलाय, मी मधे. मला तिच्या वाजवण्यातलं एवढंच कळतं की ताटल्या थरथरल्या की रियाज चालू आहे. तर यात पोट भरतं का? कॉलेज कसं निवडायचं? वाद्य आत्ता विकत घ्यायचं का? आणि पोरगी जेमतेम पाच फूट आहे, झेपेल का तिला? प्लीज अनुभवी लोकांनी सांगा.

ओसरीवरचा:
उंचीचं टेन्शन सोडा. अटलांटा सिम्फनीत जेन लिटल म्हणून बेसवाल्या बाई होत्या, उंची 4 फूट 11 इंच. 1945 मध्ये सोळाव्या वर्षी लागल्या आणि 71 वर्षं वाजवलं, गिनेस रेकॉर्ड आहे. 2016 मध्ये कार्यक्रम संपता संपता स्टेजवरच कोसळल्या आणि गेल्या, वय 87. नवरा त्याच ऑर्केस्ट्रात बासरी वाजवायचा आणि बायकोचा बेस उचलायचा. तेव्हा जावई बासरीवाला बघा, फुकटचा हमाल मिळेल :)

खर्जातला:
ताई, मी स्वतः बेस मेजर, म्हणजे डिग्रीच बेसची. आता दिवसा डेटाबेस, संध्याकाळी डबल बेस, त्यामुळे जरा मोठं लिहितो, चालवून घ्या.

आधी गोड बातमी. बेस शिकणारी मुलं व्हायोलिनपेक्षा खूपच कमी, आणि वाद्य मोठं असल्याने बरेच जण बारा-चौदाव्या वर्षी सुरू करतात, म्हणजे तुमची लेक उशीर झालेली वगैरे अजिबात नाही. चांगल्या ऑर्केस्ट्रांना बेसवाले लागतातच, त्यामुळे कॉलेजात स्कॉलरशिपही मिळते. हे जुनंच आहे. इटलीचा बोत्तेसिनी मिलानच्या कॉन्झर्व्हेटरीत गेला तेव्हा बासून (फुंकून वाजवायचं एक लांब वाद्य) आणि बेस एवढ्याच दोन जागा शिल्लक होत्या, त्याने बेस घेतला आणि पुढे त्याला बेसचा पागानिनी (व्हायोलिनचा दंतकथा झालेला उस्ताद) म्हणायला लागले. तुमच्या लेकीची गोष्ट तीच, फक्त मिलानऐवजी मिडल स्कूल.

आता कडू. शिकायला जागा मिळते पण नोकरीची जागा रिकामीच होत नाही. मोठ्या ऑर्केस्ट्रात बेस असतात आठ-नऊ, आणि एकदा बसला की माणूस उठत नाही. वर जेन लिटल वाचलंतच. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये ऑरिन ओब्रायन 1966 मध्ये लागल्या, तेव्हा अख्ख्या ऑर्केस्ट्रात एकट्याच बाई, निवृत्त झाल्या 2021 मध्ये. 55 वर्षं एक खुर्ची! (त्यांच्या भाचीने त्यांच्यावर केलेल्या छोट्या माहितीपटाला 2025 मध्ये ऑस्कर मिळालं, लेकीला घेऊन जरूर बघा, बाईंना पुढे यायची हौसच नाही, मागच्या रांगेत बसून सगळ्यांना धरून ठेवण्यातच मजा वाटते. तुमच्या लेकीला हे बघून कंटाळा आला तर ते पण उत्तरच आहे.)

जागा निघाली की ऑडिशन. विमानाचं, हॉटेलचं, वाद्याच्या पेटीचं भाडं आपलं. पडद्यामागे वाजवायचं, परीक्षकांना तुम्ही दिसत नाही, काही ठिकाणी चपलांच्या आवाजावरून बाई की पुरुष कळू नये म्हणून गालिचा पण टाकतात. एखादा काँचेर्तो (एका वाद्याला पुढे ठेवणारी मोठी रचना), आणि मग सिम्फनींमधले ठराविक तुकडे, बेथोवनच्या पाचवीतला तो पळापळीचा भाग, नववीतलं बेस आणि चेलोंचं (बेसचा धाकटा भाऊ) बोलणं, मोझार्ट, श्ट्राउस, मालरच्या पहिलीतला एकट्या बेसचा सोलो. हे तुकडे मी पाच वर्षं रोज घोटले, सात ऑडिशन्स दिल्या, एकदा फायनलला गेलो. त्या ऑर्केस्ट्राने शेवटी कोणालाच घेतलं नाही, जागा रिकामीच ठेवली. असंही होतं. त्या रात्री मोटेलच्या पार्किंगमध्ये बेस गाडीत घालता घालता रडलो आणि परत येऊन एसक्यूएलचा (डेटाबेसचा) कोर्स लावला. तरी आज दोन छोट्या ऑर्केस्ट्रांत कार्यक्रमागणिक पैसे घेऊन वाजवतो, लग्नं, म्युझिकल्स, जॅझ सगळं करतो, चार पोरं शिकवतो. बेसवाल्याला जॅझ येत असेल तर हाताला काम राहतं, हे कॉलेजात कोणी नीट सांगत नाही. तिला पहिल्यापासून दोन्ही शिकू द्या.

वाद्य आत्ता घेऊ नका, भाड्याने चालवा. कॉलेजातले शिक्षक भेटल्यावर त्यांच्या सल्ल्याने घ्या, कारण बरा बेस आणि बरा गज (तारांवर फिरवायचा बो) मिळून गाडीएवढा खर्च आरामात होतो, नुसत्या तारांचा सेट दीडशे ते तीनशे डॉलर. अंगठा आणि पाठ आत्तापासून सांभाळायला सांगा, उंच स्टूल नीट जमवून घ्या. आणि ब्रास, म्हणजे ट्रम्पेट वगैरे पितळी वाद्यंवाले, मागे बसले असतील तर कानात प्लग.

पिवळा डबा:
गाडीएवढा खर्च आणि वर बेस मावेल अशी गाडी. म्हणजे दोन गाड्या.

राईनकाठचा:
जर्मनीचा पर्याय कोणी लिहिला नाही म्हणून. इथे सरकारी पैशावर चालणारे सव्वाशेच्या वर ऑर्केस्ट्रा आहेत, छोट्या छोट्या गावांत पण. नोकरी म्हणजे खरोखर नोकरी, सुट्टी, पेन्शन सगळं, पण लागल्यावर साधारण वर्षभर प्रोबेशन असतं आणि शेवटी सहकारीच मत देतात, तेव्हा नुसतं वाजवून भागत नाही, शेजाऱ्याशी जमावंही लागतं. बहुतेक राज्यांत सरकारी संगीत विद्यापीठांना फी नाही, बाडेन-व्ह्युर्टेम्बर्गमध्ये युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला 1500 युरो. बर्लिन फिलहार्मोनिकमध्ये एडिक्सन रुइझ नावाचा व्हेनेझुएलाचा मुलगा 17 व्या वर्षी लागला, म्हणजे बाहेरच्यांना दार बंद नाही. भाषा मात्र शिकावी लागेल.

महत्त्वाचं: ती गज कुठला धरते? फ्रेंच गज वरून धरतात, चेलोसारखा. जर्मन गज खालून, आपला सारंगीवाला धरतो साधारण तसा. इथल्या ऑर्केस्ट्रांत बहुतेक जर्मनच चालतो. इकडे यायचं मनात असेल तर आत्ताच विचार करा.

माहीमकर:
आमच्या मुंबईचे झुबिन मेहता 1954 मध्ये व्हिएन्नाला शिकायला गेले तेव्हा तिथे ऑर्केस्ट्राच्या कंडक्टिंगबरोबर डबल बेसही शिकले! मी एनसीपीएला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या कार्यक्रमांना जातो, हा ऑर्केस्ट्रा 2006 पासून आहे, पण वाजवणारे पुष्कळसे बाहेरून येतात. त्यामुळे "नाही जमलं तर भारतात येऊन बेस वाजवेन" हा प्लॅन बी धरू नका.

खर्जातला:
+1. आणि एक राहिलं. फिलाडेल्फियाचं कर्टिस हे संगीताचं कॉलेज तुमच्यापासून लांब नाही, तिथे सगळ्यांनाच ट्यूशन फी माफ आहे, पण बेसची मुलं अख्ख्या शाळेत बोटांवर मोजण्याइतकी, तेव्हा अर्ज करा पण आशा लावून बसू नका. कॉलेजच्या नावापेक्षा बेसचे शिक्षक बघा. त्यांच्याकडे एक-एक ट्रायल लेसन घ्या, आणि त्यांची गेल्या काही वर्षांतली मुलं आज कुठे आहेत ते तोंडावर विचारा. जो शिक्षक टाळाटाळ करेल तिथून परत या. बहुतेक ठिकाणी अर्जाबरोबरचा वाजवण्याचा व्हिडिओ 1 डिसेंबरच्या आसपास पाठवायचा असतो, म्हणजे हा उन्हाळा तयारीचा. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ बेसिस्ट्सचं संमेलन एकाआड एक वर्षी उन्हाळ्यात असतं, एकदा तरी न्या. शेकडो बेस एका लॉबीत बघितले की तिला कळेल आपण एकटे वेडे नाही, आणि स्पर्धा किती आहे ते पण कळेल.

नवऱ्याला सांगा, डबल डिग्री पण करता येते. पाच वर्षं लागतात आणि पोरं झोपत नाहीत, पण करतात.

घेवडा:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री तो माहितीपट तिघांनी बघितला. लेक एक अक्षर बोलली नाही, संपल्यावर परत पहिल्यापासून लावला. नवरा म्हणाला, डबल डिग्रीचं बघू.

@राईनकाठचा, विचारलं तिला. फ्रेंच गज आहे. आता बदलला तर डिसेंबरच्या व्हिडिओपर्यंत हात बसेल का, की तो आहे तोच ठेवून जर्मनीचं नंतर बघायचं?