मदत हवी आहे: किडनी ट्रान्सप्लांटनंतर बीके व्हायरस, कोणाला अनुभव?

नमस्कार. माझ्या दादाचं (वय ४१) गेल्या वर्षी किडनी ट्रान्सप्लांट झालं. डोनर आमची आई. क्रिएटिनिन (रक्तातला हा आकडा वाढला की किडनीचं काम मंदावलं असं समजतात) १.२ वर स्थिरावलं होतं, ते मध्येच १.७ झालं. आम्ही रिजेक्शनच (शरीराने नवी किडनी नाकारणं) धरून चाललो होतो, पण रक्ताच्या पीसीआरमध्ये बीके व्हायरस निघाला आणि बायॉप्सीनेही तेच सांगितलं. ताप नाही, सूज नाही, लघवीला जळजळ नाही. दादा रोज ऑफिसला जातोय!

डॉक्टरांच्या बोलण्यातून कळलं ते असं: हा व्हायरस बहुतेक सगळ्यांना लहानपणीच होऊन जातो आणि मग किडनीत, मूत्रमार्गात गप्प पडून राहतो. धडधाकट माणसाला त्याचा आयुष्यभर पत्ता नसतो. ट्रान्सप्लांटनंतर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या की तो डोकं वर काढतो आणि नव्या किडनीच्या नलिकांमधल्या पेशी खराब करतो. त्याच्यावर हमखास औषध नाही. उपाय एकच, गोळ्या कमी करायच्या. मायकोफेनोलेट निम्मं केलंय, टॅक्रोलिमसची लेव्हलही थोडी खाली आणणार आहेत.

झोप उडालीये ती यामुळेच. एक डोससुद्धा चुकता कामा नये असं याच डॉक्टरांनी बजावलं होतं. वहिनी मोबाइलवर गजर लावून गोळ्या देते. आता तेच कमी करा म्हणतात.

कोणाच्या घरी हे झालंय का? लोड (रक्तातलं व्हायरसचं प्रमाण) उतरायला किती वेळ लागला, मध्ये रिजेक्शन आलं का? शिवाय व्हायरस आईच्या किडनीतून आला असेल, तर तिच्या उरलेल्या किडनीला धोका आहे का? आई आधीच "माझ्याच किडनीत खोट होती" म्हणत बसलीये. आणि काका 'इम्युनिटी वाढवायला' गुळवेलीचा काढा घेऊन आलेत, तो वेगळा ताप.

रानजाई: माझ्या नवऱ्याला झालं होतं. लोड उतरायला बरेच महिने गेले, आधी तर थोडा वाढलाच. रिजेक्शन आलं नाही. क्रिएटिनिन मात्र जुन्या आकड्यावर परत गेलं नाही, वाढलं तिथेच थांबलं. आम्ही त्यातच समाधान मानलं. एक सांगते, पीसीआर दर वेळी एकाच लॅबमधून करा. दोन लॅबच्या आकड्यांत इतका फरक येतो की उगाच घाबरगुंडी उडते.

साडेतीनचा_चहा: डॉक्टर नाही, डायलिसिस युनिटमध्ये टेक्निशियन आहे, त्या बेताने वाचा. हा व्हायरस आधी लघवीत दिसतो, मग रक्तात, शेवटी किडनीचं नुकसान. लक्षणं नसतात, म्हणून तर ट्रान्सप्लांटनंतर सुरुवातीचे काही महिने नियमित पीसीआर करायला सांगतात. रक्तातला लोड दर मिलीलीटरमागे १०,००० कॉपीजच्या वर टिकून राहिला की किडनीपर्यंत पोचला असं धरून चालतात. बायॉप्सीत बीके आणि रिजेक्शन वरवर सारखेच दिसू शकतात, आणि उपचार एकदम उलटे! रिजेक्शन समजून स्टेरॉइड वाढवलं तर व्हायरसचं फावतं. त्यासाठी एसव्ही-४० नावाचा वेगळा स्टेन (बायॉप्सीच्या तुकड्यात व्हायरस ओळखायची तपासणी) असतो. तो केला का, हे रिपोर्टमध्ये बघा.

आईंना सांगा, खोट नाही. डोनरकडून येतो बरेचदा, पण तो बहुतेकांच्या किडनीत असतोच. त्यांची प्रतिकारशक्ती शाबूत आहे, त्यामुळे त्यांना धोका जवळजवळ नाहीच. १९७१ साली लंडनमध्ये हा पहिल्यांदा सापडला, तोही ट्रान्सप्लांट झालेल्या रुग्णाच्याच लघवीत.

काढा नको म्हणजे नकोच. प्रतिकारशक्ती किती सैल सोडायची हे टॅक्रोच्या लेव्हल बघून ठरतं, त्यात गुळवेल कुठे बसवणार? आणि गोळ्या डॉक्टर सांगतील तेवढ्याच कमी करा. घरच्या घरी आणखी अर्धी तोडायची नाही.

उंबरठा: आयव्हीआयजी (शिरेतून देतात त्या अँटिबॉडीज) देतात ना यावर? आमच्या ओळखीत एकाला दिलं होतं.

साडेतीनचा_चहा: देतात काही ठिकाणी. महाग आहे आणि पुरावा तितका पक्का नाही. मुख्य उपचार गोळ्या कमी करणं हाच. डॉक्टरांना विचारायला हरकत नाही.

धागाकर्ती: खूप आभार. एसव्ही-४० पॉझिटिव्ह असं रिपोर्टमध्ये लिहिलंय, आज बघितलं. काकांना वहिनीने परस्पर सांभाळलं. अजून एक: आम्ही साताऱ्यात, लॅब पुण्यात. रक्त इथे काढून कुरियरने पाठवलं तर चालतं का, की दादालाच दर वेळी जावं लागेल?

रानजाई: आम्ही कोल्हापूरहून पाठवायचो. लॅबचं कलेक्शन सेंटर गावात असेल तर तेच थंड पेटीतून नेतात. साध्या कुरियरच्या भानगडीत पडू नका, आधी लॅबला फोन करा.