मेक्सिकोच्या किनाऱ्याने सहा महिने शिडाच्या बोटीतून: सी ऑफ कोर्टेझचा प्लॅन बघून सांगाल का?

शिडवेडा
नमस्कार मंडळी, आमची 36 फुटी शिडाची बोट सॅन डिएगोला असते आणि बऱ्याच वर्षांपासून मनात होतं ते आता जमतंय, मला आणि बायकोला नोव्हेंबर ते एप्रिल अखेर मोकळीक मिळाली आहे. किनाऱ्याकिनाऱ्याने चालवायची चांगली सवय आहे दोघांनाही, पण सलग दोन-तीन रात्री पाण्यात असं अजून केलेलं नाही. विचार असा की सॅन डिएगोहून निघायचं, बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पाच्या टोकाला काबो सान लुकासला वळसा, मग आत सी ऑफ कोर्टेझमध्ये (द्वीपकल्प आणि मेक्सिकोची मुख्य भूमी यांच्या मधला समुद्र) ला पाझ, लोरेटो, सांता रोसालिया असं वर वर जायचं, ग्वायमासला समोरच्या किनाऱ्यावर उतरून मझातलान, पुएर्तो वायार्ता करत खाली, आणि एप्रिलमध्ये त्याच रस्त्याने घरी. हे जास्त होतंय का? भारतीय पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड आहे, तर कागदपत्रांचं काय? आणि वॉटरमेकर (समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र) बसवावाच का, की टाकीतल्या पाण्यावर भागेल? कोणी जाऊन आलं असेल तर सविस्तर लिहा, प्लीज.

दर्यावर्दी
दादा, आधी अभिनंदन, फार सुंदर भाग निवडलात. पण क्रम उलटा लागलाय. तुम्ही गावं बघून प्लॅन केलाय, तिथे महिने बघून करावा लागतो.

तुमच्या हिशोबाने लोरेटो आणि सांता रोसालिया येतात डिसेंबर-जानेवारीत, आणि नेमकं तेव्हाच तिथे 'नॉर्दर' म्हणजे उत्तरेचे जोरदार वारे वाहतात. अमेरिकेच्या आतल्या भागात हवेचा दाब वाढला की तिकडची थंड हवा या समुद्रात उतरते, आणि हा समुद्र म्हणजे दोन्ही बाजूंनी डोंगर असलेली हजार किलोमीटरच्या वर लांब अरुंद पट्टी, त्यामुळे वाऱ्याला दुसरी वाटच नाही. 25-30 नॉट (ताशी साधारण 45-55 किमी), दोन-तीन दिवस सलग, कधी जास्तही. नुसता वारा परवडला हो, पण लाटा उंच आणि एकमेकींना चिकटून येतात, बोटीला चढायला उतरायला जागाच मिळत नाही, आणि तुम्ही उत्तरेला म्हणजे बरोबर तोंडावर जाणार. पाणीही लोरेटोच्या वर हिवाळ्यात 20 अंशांच्या खाली जातं, म्हणजे ज्या पोहण्यासाठी गेलो तेही होत नाही.

म्हणून बहुतेक लोक काय करतात, की नोव्हेंबरच्या सुरुवातीला निघायचं (पूर्व पॅसिफिकचा हरिकेन सीझन 15 मे ते 30 नोव्हेंबर, आणि बऱ्याच विमा कंपन्या 1 नोव्हेंबरच्या आधी खाली जाऊ देत नाहीत, पॉलिसीत अक्षांश लिहिलेला असतो तो नीट वाचा), काबोहून सरळ मझातलान किंवा बांदेरास बे (पुएर्तो वायार्ताची खाडी) गाठायचं, थंडी तिकडे उबेत काढायची, आणि मार्चमध्ये परत ओलांडून ला पाझ. मार्च-एप्रिलमध्ये नॉर्दर कमी होत जातात आणि मग एस्पिरितू सान्तो, इस्ला सान फ्रान्सिस्को ही बेटं, मग आग्वा वेर्देची खाडी असं निवांत वर सरकता येतं.

रात्रीच्या सेलिंगची सवय जातानाच होईल. सॅन डिएगो ते काबो साधारण 750 सागरी मैल, मध्ये टर्टल बे आणि मॅग्डालेना बे असे दोनच थांबे मनापासून चांगले. वारा बहुतेक पाठीमागून असतो, त्यामुळे दोघांनी तीन-तीन तासांच्या पाळ्या लावून जमतं. किनाऱ्यापासून थोडं लांब राहा, मच्छीमारांच्या पांगा (छोट्या उघड्या होड्या) रात्री दिव्याशिवाय असतात आणि जाळ्यांचे बोयेही दिसत नाहीत.

खारावारा
वरच्यांशी बराचसा सहमत, पण हिवाळ्यात आतला समुद्र पूर्ण टाळा हे मला पटत नाही. ज्याला घाई नाही त्याने खुशाल राहावं. दोन नॉर्दरच्या मध्ये चार-पाच दिवस आरशासारखं पाणी मिळतं, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये लोरेटोच्या आसपास ब्लू व्हेल येतात, ते उबेच्या मागे मझातलानला गेलेल्यांना कुठून दिसणार. फक्त फोरकास्ट रोज बघायचा आणि उत्तरेकडून आडोसा असलेल्या खाडीत वेळेआधी जाऊन बसायचं, वारा सुरू झाल्यावर निघायचं नाही. तारीख ठरवून कुणाला विमानतळावर घ्यायला जायचंय असले बेत मात्र ठेवू नका, लोक त्यापायी भलत्या हवेत बाहेर पडतात.

एक गोष्ट अजून कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो, ला पाझजवळचा कोरोमुएल नावाचा वारा. एप्रिल-मेपासून जास्त जाणवतो. पॅसिफिकची गार हवा ला पाझच्या मागे जिथे जमीन सखल आहे तिथून आत घुसते, संध्याकाळी सुरू होते आणि रात्रभर दक्षिण-नैऋत्येकडून वाहते. आता एस्पिरितू सान्तोच्या सगळ्या सुंदर खाड्या पश्चिमेला उघड्या. दुपारी पाणी इतकं नितळ की नांगराची चेन तळाच्या वाळूवर कडीकडीने मोजता येते, आणि रात्री अकराला तीच बोट वर-खाली आपटायला लागते, कपाटातली भांडी वाजतात, झोप गेली. नांगर टाकताना आत्ताचा वारा बघू नका, रात्रीचा बघा. चेन भरपूर सोडा, पाण्याच्या खोलीच्या पाचपट तरी, जोर असेल तर सातपट.

आणि ला पाझच्या शहरासमोर नांगर टाकलात तर तिथे भरती-ओहोटीचा ओढ एकीकडे आणि वारा दुसरीकडे, बोटी वाट्टेल तशा फिरतात, लोक त्याला 'ला पाझ वॉल्ट्झ' म्हणतात. शेजाऱ्यापासून नेहमीपेक्षा दुप्पट अंतर ठेवा.

चार्टवर डोळे झाकून विश्वास नको. तिथले काही सर्व्हे फार जुने आहेत, इलेक्ट्रॉनिक चार्टवर बोट डोंगरावर दिसते असं होतं. रडार, सॅटेलाइट फोटो आणि डोळे, आणि अनोळखी खाडीत ऊन डोक्यावर असतानाच शिरायचं.

मीठपाणी
कागदपत्रांचं मी सांगते. ग्रीन कार्ड किंवा अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा वेगळा टुरिस्ट व्हिसा लागत नाही. राहायची परवानगी जास्तीत जास्त 180 दिवस, पण किती द्यायचे ते अधिकारी ठरवतो, म्हणून शिक्का मारून घेताना तिथेच आकडा बघा. आणि ग्रीन कार्डवाल्यांनी एकूणच अमेरिकेबाहेर सलग सहा महिन्यांच्या आत राहिलेलं बरं, पुढे नागरिकत्वाच्या अर्जात प्रश्न येतात.

एंट्री एन्सेनाडाला करा, सॅन डिएगोहून एका दिवसाचं अंतर, आणि इमिग्रेशन, पोर्ट कॅप्टन, कस्टम्स सगळं एकाच इमारतीत. बोटीचा टेम्पररी इम्पोर्ट परमिट म्हणजे टीआयपी घ्यायचाच, तो 10 वर्षं चालतो. त्यात डिंगी (किनाऱ्यावर ये-जा करायची छोटी होडी) आणि तिच्या मोटरचा सीरियल नंबर आठवणीने लिहून घ्या. जुनी बोट विकत घेतली असेल तर आधीच्या मालकाचा टीआयपी रद्द झालाय ना हे घरी असतानाच तपासा, एका बोटीवर दोन होत नाहीत आणि ते निस्तरताना फार वेळ जातो. मेक्सिकोत मान्य असलेला लायबिलिटी विमा, त्याची स्पॅनिश प्रत, मरीनावाले पहिल्यांदा तीच मागतात. बोटीवर गळ-दोरी असेल तर प्रत्येकाचं फिशिंग लायसन्स, अगदी मासे न पकडणाऱ्याचंही. बेटं नॅशनल पार्कमध्ये येतात, त्यांचा पास वेगळा.

वॉटरमेकर बसवा, माझं ठाम मत. ते वाळवंट आहे. लोरेटो सोडलं की पाणी कॅन भरभरून डिंगीतून आणावं लागतं. गोडं पाणी तिथे इतकं दुर्मीळ की मधमाश्यासुद्धा शोधत बोटीवर येतात, आधी एक-दोन येतात आणि मग थवा. सिंक कोरडं पुसून ठेवायचं, ओला नॅपकिन बाहेर वाळत घालायचा नाही, खिडक्यांना जाळी. चावत नाहीत सहसा, पण घरात कोणाला ॲलर्जी असेल तर औषध जवळ ठेवाच.

शिडवेडा
इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. बायकोलाही वाचून दाखवलं, तिचं म्हणणं व्हेल सोडायचे नाहीत. आता एकच अडतंय, मार्च-एप्रिल आत घालवले तर घरी कधी येणार?

दर्यावर्दी
येऊच नका, म्हणजे बोट घेऊन. एप्रिल-मेमध्ये बाहेरच्या म्हणजे पॅसिफिकच्या किनाऱ्यावर वायव्येचा वारा जोरात असतो आणि ते साडेसातशे मैल पूर्ण नाकावर घ्यावे लागतात, त्याला 'बाहा बॅश' म्हणतात ते उगाच नाही. ग्वायमास किंवा शेजारच्या सान कार्लोसला बोट पाण्याबाहेर काढून ड्राय यार्डात ठेवा, टीआयपी 10 वर्षांचा आहेच. शिडं उतरवून आत ठेवायची, उन्हाने कुजतील असे दोर काढायचे, डेकवर कापडाचं आच्छादन, आणि तुम्ही बसने किंवा विमानाने घरी. उन्हाळ्यात बोट ला पाझला पाण्यात सोडून जाऊ नका असं मी कळकळीने सांगेन, सप्टेंबर 2014 मध्ये ओडिल चक्रीवादळ आलं तेव्हा तिथल्या कितीतरी बोटी किनाऱ्यावर जाऊन फुटल्या आणि माणसंही गेली. यार्डातली जागा मात्र आत्ताच विचारा, वसंतात सगळेच तिकडे येतात.

शिडवेडा
हे डोक्यातच आलं नव्हतं. मग असं करतो, नोव्हेंबरमध्ये खाली, डिसेंबर-जानेवारी मझातलान आणि बांदेरास बे, फेब्रुवारीत हवा बघून ला पाझला ओलांडायचं, तिथून व्हेलसाठी लोरेटो, आणि एप्रिलमध्ये सान कार्लोस. सांता रोसालिया जमलं तर. यार्डाला आजच मेल टाकतो.