१९२१ला महाराष्ट्राची लोकसंख्या घटली? छपाईची चूक तर नाही ना?

गिरणगावकर_सध्या_बदलापूर:
काल रात्री लेकीच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी जनगणनेचे आकडे तक्त्यात भरत बसलो होतो. १९११ला महाराष्ट्र २ कोटी १४ लाख ७५ हजार, १९२१ला २ कोटी ८ लाख ५० हजार. पोरगी म्हणाली, बाबा, खोडा, चुकलंय. चष्मा पुसून पुन्हा बघितलं, तेच. सव्वासहा लाख माणसं गेली कुठे? आणि राज्य झालं १९६०ला, मग हे आकडे आले कुठून?

परळच्या_बाई:
खोडू नका, बरोबर आहे. ती मानमोडी. १९१८चा इन्फ्लुएन्झा जूनमध्ये मुंबई बंदरात उतरला, सप्टेंबरची दुसरी लाट जीवघेणी ठरली. त्यात पावसानं दगा दिलेला, धान्य महाग. अख्ख्या देशाची डोकी आधीच्या मोजणीपेक्षा कमी भरली ती एकदाच, १९२१ला.
जुने आकडे म्हणजे जिल्ह्यांची बेरीज. काही मुंबई इलाख्यात, वऱ्हाड-नागपूर मध्य प्रांतात, मराठवाडा निजामाकडे. आजच्या हद्दीप्रमाणे नंतर जुळवलेत.

जुनी_कागदपत्रं:
गंमत म्हणजे त्याच दहा वर्षांत मुंबई शहर फुगलं, ९ लाख ७९ हजारांवरून ११ लाख ७६ हजार. शहराचा खड्डा त्याआधीचा. १८९१ला ८ लाख २२ हजार, १९०१ला ७ लाख ७६ हजार. १८९६ला मांडवीत प्लेग निघाला. कित्येक मेले, कित्येक गावाला पळाले.

गिरणगावकर_सध्या_बदलापूर:
मग २०११ला काय साथ होती? मुंबई शहर जिल्हा ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर आला. आमची रत्नागिरीसुद्धा १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजार. गाव पण रिकामं, लालबाग पण रिकामं!

परळच्या_बाई:
अहो, तुमचं नावच सांगतंय की! त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. (तेव्हा पालघर त्यातच होतं.)
१९८१ला मी प्रगणक होते, नोकरीला नवीनच. लालबागच्या एका चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत अकरा नावं लिहिली, सगळे बाप्ये, सगळे कोकणातले. चार जण रातपाळी करून झोपलेले, त्यांच्या उशाशी बसून फॉर्म भरला. कुटुंबप्रमुख कोण, विचारलं तर एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी भाडेपावती ज्याच्या नावावर, त्याला केला प्रमुख. बायका गावी. २०११ला सुद्धा रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका आणि मुंबई शहरात ८३२, ते उगाच नाही.

गिरणगावकर_सध्या_बदलापूर:
बाई, तसल्याच एका खोलीत माझे वडील होते. २०१०ला आम्ही इकडे आलो. फेब्रुवारीत मोजणीवाले सर आले तर वडील हट्टाला पेटले, ‘लालबाग लिहा.’ सर बिचारे पेन धरून दारात उभे, आई चहा घेऊन मागे.

परळच्या_बाई:
मग काय लिहिलं?

गिरणगावकर_सध्या_बदलापूर:
बदलापूरच. लालबाग आधीच्या राहत्या ठिकाणाच्या रकान्यात गेलं. वडिलांनी तो रकाना दोनदा वाचून घेतला, मग सही केली.