‘गोपनीयता’ नेमकी कोणाची, आणि ‘मास सर्व्हेलन्स’ला काय म्हणावे?

अनुस्वार:
अमेरिकी गुप्तचर यंत्रणेसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेन यांनी 2013 साली उघड केलेल्या, सरकारी नजर ठेवण्याच्या गुप्त कार्यक्रमांविषयीच्या अमेरिकी कागदपत्रांवरील एका दीर्घ लेखाचा अनुवाद करीत असताना एका वाक्यापाशी अडलो आहे. माझा पहिला खर्डा असा आहे: ‘कार्यक्रमाची गोपनीयता राखण्याच्या नावाखाली नागरिकांच्या गोपनीयतेची चर्चाच होऊ दिली गेली नाही.’ मूळ लेखात येथे ‘सीक्रसी’ आणि ‘प्रायव्हसी’ असे दोन निराळे शब्द आहेत, परंतु मराठीत सरकारने दडवलेली गोष्ट आणि नागरिकाने स्वतःपाशी राखलेली गोष्ट एकाच शब्दात येऊन बसल्या आहेत. दुसरी अडचण ‘मास सर्व्हेलन्स’ची, म्हणजे कोणा एकावर नव्हे तर साऱ्या लोकांवर ठेवल्या जाणाऱ्या नजरेची. ‘सामूहिक पाळत’ असे लिहिलेले मी वाचले आहे, पण ‘सामूहिक प्रार्थना’ म्हणजे जशी सर्वांनी मिळून केलेली प्रार्थना, तशी ही सर्वांनी मिळून ठेवलेली पाळत वाटते. आपण काय सुचवाल?

पोथीवाचक:
‘गोपनीयता’ हा शब्द राज्यसंस्थेने केव्हाच आपल्या पदरी ठेवून घेतला आहे. मंत्री ‘पद आणि गोपनीयतेची शपथ’ घेतात, तेव्हा कोणाची गुपिते राखली जाणार आहेत याविषयी शंका उरत नाही. म्हणून नागरिकासाठी ‘खासगीपणा’ आणि सरकारसाठी ‘गुप्तता’, असे दोन कप्पे करावेत.
‘पाळत’ हा शब्द मात्र मला फार गमतीचा वाटतो. तो ‘पाळणे’पासून आला, म्हणजे मुळाशी राखण आणि सांभाळ आहे, आज त्यात संशयाखेरीज काही उरलेले नाही. याच्या नेमका उलट प्रवास ‘निगा’चा झाला. फारसीत ‘निगाह’ म्हणजे नुसती नजर, पण मराठीत ती आली आणि काळजी घेऊ लागली. ‘निगराणी’ त्याच कुळातली असून ती अजून दोन्ही दरडींवर पाय ठेवून उभी आहे. सरकारे ज्या कार्यक्रमाला ‘निगा’ म्हणू पाहतात त्याला नागरिक ‘पाळत’ म्हणतात, एवढाच काय तो वाद आहे.

उकार:
वाद एवढाच नाही, आणि व्युत्पत्तीने तो सुटणारही नाही. शब्द कोठून आला यापेक्षा आज तो ऐकणाऱ्याच्या मनात काय उभे करतो, हे महत्त्वाचे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने ऑगस्ट 2017 मध्ये पुट्टस्वामी खटल्यात प्रायव्हसी हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला, तेव्हा बातम्यांत ‘गोपनीयतेचा हक्क’ आणि ‘खासगीपणाचा हक्क’ दोन्ही छापले गेले आणि कोणत्याही वाचकाचा गोंधळ झाला नाही. सरळ ‘प्रायव्हसी’ लिहावे. तो शब्द आता मराठीच आहे.

कलमबहाद्दर:
‘प्रायव्हसी’ला माझा विरोध नाही, परंतु ‘पाळत’विषयी सावध राहावे असे सुचवतो. पाळत नेहमी कोणा एकावर असते. 1962 च्या खरक सिंग खटल्यात उत्तर प्रदेश पोलिसांच्या ज्या नियमांना आव्हान दिले गेले, त्यांत घरावर गुप्त पहारा, रात्रीच्या वेळी घरी जाऊन चौकशी, येण्याजाण्याची नोंद अशा गोष्टी होत्या. ती अस्सल पाळत होती: माणूस ठरलेला, संशय आधीचा, शिपाई दारात.
2013 साली उघड झालेला प्रकार याच्या उलट क्रमाने चालतो. एका दूरध्वनी कंपनीने आपल्या ग्राहकांच्या संभाषणांच्या नोंदी, म्हणजे कोणी कोणाला केव्हा आणि किती वेळ दूरध्वनी केला एवढाच मेटाडेटा, दररोज सुपूर्द करावा असा गुप्त न्यायालयीन आदेश होता. त्यात संशयित कोणीच नव्हता. नोंदी आधी घ्यायच्या आणि संशयित पुढे लागेल तेव्हा त्यांत शोधायचा. म्हणून मी ‘घाऊक नोंदसंग्रह’ म्हणेन. ब्रिटनच्या पाळतीविषयीच्या 2016 च्या कायद्यातही याच अर्थाचा ‘बल्क’ हा बाजारी शब्द वापरला आहे.
येथे शब्दांचा काथ्याकूट निरर्थक नाही. मार्च 2013 मध्ये अमेरिकी गुप्तचर संचालक जेम्स क्लॅपर यांना सिनेटच्या समितीत विचारले गेले की लक्षावधी अमेरिकनांची माहिती गोळा केली जाते का, आणि त्यांनी नकार दिला. पुढे खुलासा करताना त्यांनी ग्रंथालयाचे उदाहरण दिले: ‘गोळा करणे’ म्हणजे कपाटातून पुस्तक काढून उघडून वाचणे. मराठीत असे म्हणता येईल काय? आपल्याकडे ‘गोळा केले’ म्हटले की वस्तू घरात आली, मग ती कोणी उघडो वा न उघडो. 2015 मध्ये तेथील अपील न्यायालयाने हा संग्रह कायद्यात बसत नसल्याचे सांगितले, तेही ‘तपासाशी संबंधित’ या शब्दांचा अर्थ इतका ताणता येत नाही, या आधारावर.

वाटसरू:
आमच्या आजीच्या तोंडी ‘मांजर उंदराच्या पाळतीवर बसले आहे’ असे वाक्य असे. तेव्हा पाळतीत झडप घालण्याचा हेतू हवाच. नोंदी नुसत्या साठवून ठेवणाऱ्या यंत्राला हेतू कोठून येणार? ‘सर्वंकष टेहळणी’ बरे. बुरुजावरचा टेहळ्या एका माणसाकडे पाहत नाही, सगळा मुलूख न्याहाळतो.

कलमबहाद्दर:
परंतु टेहळ्याची दृष्टी तटाबाहेर असते, कारण शत्रू तिकडून यायचा. येथे बुरूज आतल्या वस्तीकडे तोंड करून बांधला आहे. शिवाय हेतू यंत्राला नसला, तरी ते बसवणाऱ्याला असतोच.

पोथीवाचक:
‘घाऊक’ मला पटत नाही. हक्काच्या चर्चेत तो शब्द मालाचा वास घेऊन येतो. ‘सरसकट पाळत’ चालेल. आणि ‘मेटाडेटा’ला ‘अधिविदा’ म्हणायला हरकत नसावी.

उकार:
‘विदा’ म्हटले की वाचक निरोपाचा हात हलवू लागतो. ‘मेटाडेटा’ राहू द्यावा. मालाचा वास येतो म्हणूनच ‘घाऊक’ योग्य आहे, कारण माणसांना मालासारखे वागवले जाते हीच तर तक्रार आहे.

वाटसरू:
‘खासगी’ की ‘खाजगी’? गुजरातीत ‘खानगी’ आहे आणि तो फारसी ‘खाना’ म्हणजे घर यावरून आला, तेव्हा आपला शब्दही घरावरूनच आला असावा असे मला वाटते.

पोथीवाचक:
मुळीच नाही. तो ‘खास’वरून आला. होळकरांच्या राज्यात ‘दौलत’ आणि ‘खासगी’ असे दोन वेगळे हिशेब होते. दौलत राज्याची आणि खासगी राजघराण्याची. त्यामुळे ‘खाजगी’ हे रूप कितीही रुळलेले असले, तरी मी ‘खासगी’च लिहितो.

उकार:
म्हणजे ज्याच्याविरुद्ध हा हक्क मागायचा, तोच या शब्दाचा पहिला मालक निघाला. मग ‘गोपनीयता’ सरकारची म्हणून टाकून देण्यात आपण काय मिळवले? आणि ‘खाजगी’ निदान लोकांच्या तोंडचे रूप आहे.

पोथीवाचक:
लोकांच्या तोंडी ‘अंधश्रद्धा’ऐवजी ‘अंधश्रध्दा’ही असते, म्हणून ते छापायचे काय?