मदत हवी आहे: बेसबॉलचं स्कोअरबुक, हिट की एरर?

नमस्कार मंडळी, पार्क मैदानाजवळ भाचीच्या टीमची प्रॅक्टिस मॅच होती, स्कोअरर आलाच नाही म्हणून वही माझ्या हातात, मला येतंय फक्त क्रिकेटचं 😅

भाची ४ वेळा बॅटिंगला आली. एकदा वॉक (चार बॉल चुकीचे पडले की फुकटात पहिला बेस), तो ॲट-बॅटमध्ये (ॲव्हरेज काढताना मोजायच्या बॅटिंगच्या वेळा) धरत नाहीत एवढं माहितीय. एकदा साधी सिंगल (फटका मारून पहिला बेस गाठला). तिसऱ्यांदा पहिल्या बेसवर रनर असताना बंट (बॅट न फिरवता बॉल हळूच टेकवणं) मारला, थर्ड बेसवालीनं उचलून फेकला तो फर्स्टवालीच्या डोक्यावरनं गेला, दोघी सेफ. थ्रो नीट असता तर ही आउटच होती. मग हा सॅक्रिफाइस (रनरला पुढं न्यायला स्वतःची विकेट देणं) अधिक एरर (फिल्डरची चूक), म्हणजे ॲट-बॅट नाही, बरोबर ना?

चौथ्यांदा ग्राउंडर, शॉर्टस्टॉपनं (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधली फिल्डर) सेकंडला फेकून पुढच्या रनरला आउट केलं, ही फर्स्टवर सेफ. मी फिल्डर्स चॉइस (फिल्डरनं हिला सोडून दुसरीला आउट करणं) लिहिलं, म्हणजे ॲट-बॅट धरायचा पण हिट (स्वतःच्या फटक्यावर बेस मिळवणं) नाही. असं धरलं तर २ पैकी १, ॲव्हरेज .५००. पण तिची आई म्हणती सेफ झाली म्हणजे हिटच की, आणि पोरगी फुगून बसलीय!

अजून एक, बॉल खडबडीत जागेवर वेडावाकडा उसळून फिल्डरच्या हातातनं सुटला तर हिट द्यायचा का एरर? जाणकारांनी सांगा की ओ, रविवारी परत मॅच आहे.